घुसखोर कोण, हे ठरवायचं कसं?

आजचा विषय तापलेला आहे, म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला काढून ठेवू. परवानगीशिवाय देशात आलेल्या परदेशी माणसाला परत पाठवण्याचा अधिकार भारत सरकारला आहे का? आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या प्रकरणात तो स्पष्टपणे मान्य केला. तेव्हा ‘घुसखोर हवेत की नकोत’ हा वाद आज आपण घालणार नाही. तो वाद अंधेरीच्या लोकलमध्ये आणि घाटकोपरच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये रोज होतो, आणि त्यातून कुणाच्या पदरात फारसं काही पडत नाही.

आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. समोरचा माणूस घुसखोर आहे हे ठरवायचं कुणी, कशावरून, आणि त्याला आपली बाजू मांडायला किती वेळ द्यायचा? धोरण न्याय्य आहे की नाही, हे या तीन उत्तरांवरून कळतं. कारण पकडलेला माणूस खरोखर परदेशी असेल तर त्याला परत पाठवणं हा कायद्याचा अंमल झाला. पण तो माणूस आपलाच निघाला तर? मग आपण आपल्याच नागरिकाला देशाबाहेर काढलेलं असतं. हे नुसतं तर्काने म्हणत नाही आहोत. असं घडलेलं आहे, आणि ते आपल्या दहिसर नाक्याच्या पलीकडेच, मीरा रोडला पकडलेल्या माणसांच्या बाबतीत घडलेलं आहे. तिकडे येऊच.

मुलुंड कॉलनी आणि एक तारीख

आधी थोडा इतिहास बघू. मुलुंड कॉलनी आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही वस्ती. चेंबूर कॅम्पची गोष्ट तीच, आणि पुढे ज्याचं उल्हासनगर झालं त्या कल्याण कॅम्पचीही तीच. ही माणसं आज आपल्याला बाहेरची वाटत नाहीत. पण १९४७–४८ साली त्यांचं नागरिकत्व काय, हा प्रश्न राज्यघटना लिहिणाऱ्यांसमोर खराच होता.

घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने तो कसा सोडवला, ते समजून घेण्यासारखं आहे. ज्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणी अखंड भारतात जन्मलेलं आहे, आणि जो १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून इकडे येऊन राहिला आहे, तो नागरिक. वेगळा अर्ज करायची गरज नाही. त्या तारखेनंतर आला असेल तर सहा महिने वास्तव्य, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज आणि नोंदणी. म्हणजे एक ठरलेली तारीख, एक ठरलेला अधिकारी आणि एक ठरलेली पद्धत. देशात दंगली चालू होत्या, लाखो लोक इकडून तिकडे चालले होते, तरीही ‘याची भाषा कुठली’ किंवा ‘हा दिसतो कसा’ अशी कसोटी घटनेने लावली नाही.

तीन भावंडांची गोष्ट

आता आजचा कायदा. नागरिकत्व कायदा १९५५ चा आहे, पण जन्माने नागरिकत्व मिळण्याचे नियम त्यानंतर दोनदा कडक झाले. एक उदाहरण घेऊ, म्हणजे लगेच लक्षात येईल.

समजा, अंधेरीत एक जोडपं राहतं. आई पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातली, भारतीय. वडील खुलन्याहून कागदपत्रांशिवाय आलेले. त्यांना तीन मुलं झाली, तिन्ही मुंबईतच. थोरल्याचा जन्म मे १९८७ चा. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक होतो, आईवडील कुणीही असोत. अपवाद आहे तो परकीय राजदूतांची मुलं वगैरे अगदी मोजक्यांचा. थोरला भारतीय. मधली मुलगी १९९० ची. तिच्या वेळी आईवडिलांपैकी एक जण भारतीय असणं पुरेसं होतं, म्हणून तीही भारतीय. धाकटा २००५ चा. ३ डिसेंबर २००४ पासून नियम बदलला. एक पालक भारतीय असला तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित असता कामा नये. म्हणून धाकटा भारतीय नाही.

एकच घर, एकच रेशनकार्ड, एकच महापालिकेची शाळा, आणि तिघांचं उत्तर वेगळं. आता सांगा, गल्लीत उभं राहून, चेहरा बघून किंवा बोलणं ऐकून हे कुणाला कळणार? त्यासाठी जन्माची तारीख लागते, आईवडिलांचे कागद लागतात, आणि ते शांतपणे तपासणारा माणूस लागतो.

त्यात २०१९ च्या दुरुस्तीची भर आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना बेकायदा स्थलांतरित समजायचं नाही, अशी ती दुरुस्ती. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. या यादीत मुसलमान का नाहीत, यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका आहेत. ती दुरुस्ती योग्य की अयोग्य यावर आपल्यात मतभेद असतील, असू द्यात. पण त्यामुळे तपासायची गोष्ट आणखी एक वाढली, एवढं तरी सगळ्यांना मान्य व्हावं.

बंगाली म्हणजे बांगलादेशी?

मुंबईत मात्र बरेचदा गाडी भाषेवरच अडते. बंगाली बोलतो, लुंगी नेसतो, जरीकाम नाहीतर गवंडीकाम करतो, म्हणजे बांगलादेशी. बंगाली ही पश्चिम बंगालची भाषा आहे, त्रिपुराची आहे, आसामातल्या बराक खोऱ्याचीही आहे. मुर्शिदाबादचा माणूस आणि सीमेपलीकडच्या राजशाहीचा माणूस यांच्या बोलण्यात फरक शोधायला निघालात तर फार काही हाती लागणार नाही. आपल्याकडचंच घ्या ना. निपाणीचा माणूस आणि कागलचा माणूस मराठी बोलायला लागले, तर कर्नाटकातला कुठला आणि महाराष्ट्रातला कुठला, हे नुसतं ऐकून कोण सांगेल? सीमा नकाशावर आखली जाते, ती काही जिभेवर उमटत नाही.

१९९८ साली, युतीचं सरकार असताना, मुंबई पोलिसांनी बांगलादेशी ठरवून बंगाली जरी कारागिरांना पकडलं आणि रेल्वेने सीमेकडे रवाना केलं. त्या जुलै महिन्यात कुर्ल्याहून हावड्याला निघालेली गाडी उलुबेरिया स्टेशनात जमावाने अडवली आणि पोलिसांच्या ताब्यातल्या लोकांना सोडवलं. यांतले बरेच जण आमचेच रहिवासी आहेत, असं बंगालमधून सांगितलं जात होतं. दोन राज्य सरकारांत जाहीर वाद झाला. यात कायद्याचं राज्य कुठेच दिसलं नाही. पोलिसांच्या बाजूने नाही, जमावाच्या बाजूनेही नाही.

२७ वर्षांनी, जून २०२५ मध्ये, तेच पुन्हा झालं आणि या वेळी जास्त पुढे गेलं. त्याआधी जानेवारीत वांद्र्याला अभिनेता सैफ अली खानवर त्याच्या घरात हल्ला झाला होता. आरोपी बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि शहरातल्या धरपकडीने जोर धरला. या मोहिमेत मीरा रोड आणि आसपास कामाला असलेल्या, मुर्शिदाबाद व बर्धमानकडच्या काही मजुरांना पकडण्यात आलं आणि सीमेवर नेऊन बांगलादेशात ढकलण्यात आलं. पश्चिम बंगाल सरकारने त्यांच्या नागरिकत्वाचे कागद सीमा सुरक्षा दलाकडे दिले, बांगलादेशच्या सीमा दलाशी बोलणी झाली, आणि जूनच्या मध्यावर ते परत आले. ज्या कागदांवरून ते परत आले, ते कागद त्यांना हाकलण्याआधीही अस्तित्वात होते. मागवून बघायला हवे होते, एवढंच.

बरं, असं करायला सरकारी नियमाने सांगितलं होतं का? तेही नाही. मे २०२५ च्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सूचनांतच म्हटलं होतं की पकडलेला माणूस स्वतःला भारतीय म्हणवत असेल तर त्याच्या मूळ राज्याकडून, मूळ जिल्ह्याकडून पडताळणी करून घ्या, आणि त्याला ३० दिवसांची मुदत ठेवली होती. पद्धत कागदावर होती. घाईत ती गुंडाळून ठेवली गेली.

कागद आहे, पण कशाचा?

‘मग आधार कार्ड बघा की!’ असं कुणी म्हणेल. इथे एक मोठा गैरसमज आहे. आधार कायद्याचं नववं कलमच सांगतं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. वर्षभरात १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. पॅन कार्ड परदेशी माणसाला मिळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, बांगलादेशी असल्याचा आरोप असलेल्या ठाण्याच्या एका माणसाचा जामीन नाकारताना, हेच सांगितलं. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र हे सेवा मिळवण्यासाठीचे किंवा ओळखीचे कागद आहेत, नुसते ते जवळ असले म्हणून कुणी नागरिक होत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. आणि खोटे कागद करून देणारे दलाल आहेत, हेही खरं. आपल्या मुलुंडचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी उशिराच्या जन्मदाखल्यांचा विषय लावून धरला. राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमलं आणि मार्चमध्ये असे दाखले देण्याचे नियम कडक केले. खोटा दाखला रद्द व्हायलाच हवा, यात दुमत नाही.

पण नाण्याची दुसरी बाजू बघा. ‘कागद नाही म्हणजे परका’ हा नियम केला तर सर्वांत आधी कोण अडकेल? महाराष्ट्रातले पारधी, वडार, नंदीवाले, डोंबारी. पालावर जन्म, जन्माची नोंद नाही, एका गावात मुक्काम नाही. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने आणि नंतर इदाते आयोगानेही हा कागदांचा प्रश्न नोंदवलेला आहे. ही माणसं शेकडो वर्षं याच मातीत फिरत आहेत. त्यांना जन्मदाखला मिळायचा असेल तर तो उशिराचाच असणार. म्हणून नियम कडक करताना चाळणी अशी हवी की दलाल अडकेल आणि पारध्याचं पोर सुटेल. चौकशी नीट केली तरच हे जमतं.

सिद्ध कुणी करायचं?

आता कायद्यातली सर्वांत अवघड गोष्ट. साधारणपणे आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. परदेशी असण्याच्या प्रश्नात उलटं आहे. १९४६ च्या फॉरेनर्स अॅक्टच्या नवव्या कलमानुसार आपण परदेशी नाही, हे त्या माणसाने सिद्ध करायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट २०२५ आला, त्यातही ही तरतूद कायम आहे. वैध पासपोर्टशिवाय आत येण्याला आता पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

या उलट्या नियमामागे कारण आहे. जन्म कुठे झाला, आईवडील कोण, ही माहिती त्या माणसाकडेच असते. आणि याच्या विरुद्ध प्रयोगही करून झालेला आहे. १९८३ साली आसामपुरता एक वेगळा कायदा केला होता, ज्यात पुराव्याचं ओझं आरोप करणाऱ्यावर होतं. त्यातून परदेशी माणूस शोधणं आणि पाठवणं इतकं अवघड होऊन बसलं की २००५ साली सर्वानंद सोनोवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे ढिली पद्धतही न्याय्य नाही, हे आपण मान्य करायला हवं.

पण ओझं त्याच्यावर आहे, याचा अर्थ रस्त्यावरून कुणालाही उचलायचं आणि ‘कर सिद्ध’ म्हणायचं, असा होत नाही. जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. संशयाला काहीतरी आधार हवा, आणि तो आधार त्या माणसाला दाखवलाही पाहिजे. त्याआधी १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात, दिल्ली आणि मुंबईतल्या लोकांची नावं मतदारयादीतून परदेशी म्हणून काढण्यासाठी निघालेल्या नोटिसांबद्दल, न्यायालयाने असंच म्हटलं होतं. नाव आधीपासून यादीत आहे तर ते रीतसर आलं असं धरून चला, संशयाचं कारण कळवा, बाजू मांडू द्या, आणि नुसत्या पोलीस अहवालावर निकाल देऊ नका.

आणि एक. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारा २१ वा अनुच्छेद ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतो. अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करण्याचा २२ व्या अनुच्छेदातला हक्क शत्रुराष्ट्राचे नागरिक आणि प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध केलेले सोडून सगळ्यांना आहे. ज्याला आपण परदेशी समजतो त्यालाही आहे.

आकड्यांचं काय?

‘किती आहेत?’ हा प्रश्न नेहमी येतो. २००४ साली संसदेत तेव्हाचे गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी देशात सुमारे १ कोटी २० लाख बेकायदा बांगलादेशी असल्याचं सांगितलं, आणि मग तो आकडा विश्वासार्ह नाही असंही सांगितलं. २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी सुमारे दोन कोटी सांगितले. दुसरीकडे आसामात प्रत्यक्ष घरोघर कागद तपासून २०१९ मध्ये नागरिक नोंदणीची यादी लागली, तेव्हा १९ लाखांहून थोडे अधिक लोक बाहेर राहिले. ती यादी कुणालाच पटली नाही. ज्यांनी मागणी केली होती तेही म्हणाले की खरे घुसखोर आत आणि आपली माणसं बाहेर राहिली. तेव्हा व्यासपीठावरून कुणी मोठा आकडा फेकला की तो मोजला कसा, एवढं जरूर विचारा.

मग करायचं काय?

आमच्या मते न्याय्य धोरणात चार गोष्टी हव्यात.

पहिली, पकडणारा आणि ठरवणारा वेगळा असावा. पोलिसांनी संशय घ्यावा, चौकशी करावी. निर्णय न्यायिक अधिकाऱ्याने द्यावा, लेखी कारणांसह, आणि त्यावर अपील असावं.

दुसरी, मुदत दोन्हीकडून पाळली जावी. मूळ जिल्ह्याने ठरलेल्या दिवसांत उत्तर द्यायचं, आणि ते येईपर्यंत माणसाला सीमेकडे न्यायचं नाही. उत्तर आलंच नाही, तर ती चूक जिल्हा कार्यालयाची. तिची शिक्षा मजुराला नको.

तिसरी, दलाल आणि मालक यांनाही हात घालावा. कागद नसलेला मजूर कमी पैशात राबतो, कारण तो तक्रार करू शकत नाही. त्यामुळे नाक्यावर उभ्या असलेल्या आपल्या मराठवाड्यातल्या मजुराचाही भाव पडतो. किमान वेतनाची तपासणी प्रत्येक बांधकामावर खरोखर झाली, तर बेकायदा मजूर ठेवण्यातला फायदाच संपेल. धाडीपेक्षा याचा उपयोग जास्त.

चौथी, परत पाठवायचं ते रीतसर. त्या देशाने हा आमचा नागरिक आहे असं मान्य करायचं, मग पाठवायचं. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. आपली माणसं आहेत हे आपल्या सरकारने मान्य केलं आणि घेतली. पण त्यांना बेड्या घालून आणलं, याचा आपल्याला राग आला. तो राग योग्यच होता. नियम मोडलेल्या माणसालाही माणसासारखं वागवा, असं आपण तेव्हा म्हणत होतो. मुंबईतून पाठवल्या जाणाऱ्या माणसाबाबतही आपल्याला तेच म्हणावं लागेल.

यावर ‘एवढी चौकशी करत बसलं तर माणूस पळून जाईल’ असा आक्षेप येतो. आक्षेप रास्त आहे. त्यासाठी ठरावीक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी, जामीनदार असे उपाय कायद्यात आहेतच. काही जण तरीही पळतील. पण आपलाच नागरिक पलीकडे ढकलला गेला तर त्याला परत आणायला दोन सरकारं आणि दोन सीमा दलं कामाला लागतात, हे २०२५ मध्ये दिसलं. ज्याच्यासाठी कुणीच धावलं नाही, तो तिकडेच राहतो.

शेवटी, तुमच्या-आमच्या हातातलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारनोंदणीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य कागद झाला आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई, इमारतीचा वॉचमन, समोरच्या साइटवरचं कुटुंब, यांच्या मुलांच्या जन्माची नोंद झाली आहे का, विचारा. नसेल तर वॉर्ड ऑफिसपर्यंत सोबत जा. एक वर्षाच्या आत हे काम त्यामानाने सोपं असतं. त्यानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि मग तोच तो ‘उशिराचा दाखला’, ज्याच्याकडे पुढे सगळेच संशयाने बघतात.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.